दिवा लागला म्हणजे डोळे जुळले असं नाही: गेटचे फोटोसेल मीटर लावून कसे जुळवायचे

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. जुलैचा पाऊस, कोल्हापुरात पडतो तसा, थांबायचं नाव नाही. फोनवर रुईकर कॉलनीतले एक काका. "आवो, तुमचं गेट बंदच होईना झालंय. निम्म्यापर्यंत येतंय आणि परत माघारी पळतंय. रात्रभर उघडं ठेवून झोपू काय?"

'तुमचं गेट' हे जरा लागलं, कारण गेट खरंच मीच बसवलं होतं, दीडएक महिन्यापूर्वी. मे महिन्यातली दुपार होती. खांबांवर फोटोसेल, म्हणजे मधे कोणी आलं की गेट थांबवणारे समोरासमोरचे सेन्सर, बसवले, रिसीव्हरचा दिवा लागला, झाकणं लावली, काकूंनी दिलेला चहा घेतला आणि उद्यमनगरात परत आलो. त्या रात्री काकांना फोनवरूनच किल्लीनं क्लच सोडायला सांगितला, गेट हातानं ढकलून कुलूप घालायला लावलं आणि सकाळी मीटर घेऊन गेलो. सेन्सर ठीक होते, वायरिंग ठीक होतं. फक्त दोन डोळे एकमेकांकडे कोपऱ्यातून बघत होते. मेच्या कोरड्या हवेत तेवढं पुरलं, जुलैच्या सरीत नाही पुरलं.

तेव्हापासून मी दिवा बघून काम सोडत नाही. दिवा एवढंच सांगतो की प्रकाश पोचतोय. किती पोचतोय, काठावरचा पोचतोय की मधला, हे फक्त मीटर सांगतो. खाली लिहिलंय ते सरकत्या गेटचं आहे, पण झुलतं गेट असो की मोटरवर चालणारं शटर, पद्धत तीच.

आधी प्रकार समजून घ्या

एका खांबावर ट्रान्समीटर, समोरच्यावर रिसीव्हर. ट्रान्समीटर इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, तो आपल्याला दिसत नाही. रिसीव्हरला तो मिळत राहिला की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, धरून राहतो आणि मोटर चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला वाट मोकळी असल्याचं कळतं. मधे कोणी आलं की रिले सुटतो आणि बंद होत असलेलं गेट बोर्ड थांबवतो किंवा उलटं पाठवतो. ट्रान्समीटरला दोन वायरी, त्या सप्लायच्या. रिसीव्हरला चार, दोन सप्लायच्या आणि दोन रिलेच्या कॉन्टॅक्टच्या. सप्लाय बहुतेक ठिकाणी १२ ते २४ व्होल्टमधला असतो, कुठे डीसी, कुठे एसी.

ट्रान्समीटरचा प्रकाश दोरीसारखा बारीक जात नाही. बॅटरीच्या झोतासारखा पसरतो, मधे प्रखर आणि कडेला फिका. रिसीव्हर त्या फिक्या कडेत आला तरी दिवा लागतो. मग काचेवर धूळ बसली, धुकं आलं, सर आली, खांब उन्हानं किंचित हलला, की कड सुटते. कोन किती महत्त्वाचा, ते एका हिशेबात कळेल: ट्रान्समीटर १ अंशानं वाकडा असला, तर ५ मीटर रुंदीच्या गेटवर झोताचा मध्य ८७ मिलिमीटर बाजूला जातो. चार बोटांहून जास्त. आणि १ अंश म्हणजे प्लास्टिकच्या डबीचा एक स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला की होतो.

सोबत काय घ्यायचं आणि काय सांभाळायचं

साधा डिजिटल मल्टीमीटर चालतो, महागाचा नको. त्याच्या प्रोबना क्रोकोडाइल क्लिप मात्र घ्या, कारण दोन्ही हात सेन्सर हलवायला लागतात आणि प्रोब धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. गवंड्याची लाइनदोरी, मऊ सुती कापड, बेकरीवाल्याकडं मिळतो तो बटर पेपर, परमनंट मार्कर, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा. ट्यूब कशाला, ते पुढं येईल.

कंट्रोल बोर्डाचं झाकण काढण्याआधी एमसीबी, म्हणजे त्याची लाइन तोडणारा स्विच, पाडा. फोटोसेलकडं जाणारा सप्लाय कमी व्होल्टेजचा असला, तरी त्याच डब्यात वितभर अंतरावर २३० व्होल्टची लाइन आलेली असते. ती टर्मिनल ओळखा, उघडी असतील तर झाका, मग एमसीबी चढवा. ओल्या हातानं, पाऊस चालू असताना डबा उघडायचाच नाही. काकांच्या गेटवरही मी सकाळ होईपर्यंत थांबलो ते त्यासाठीच.

दुसरं म्हणजे क्लच सोडून ठेवा. तुम्ही खांबाजवळ ओणवे बसलेले असणार आणि घरातलं पोरगं रिमोटशी खेळत असणार. क्लच सोडलेला असला, की मोटर नुसती फिरेल, गेट हलणार नाही.

मीटरला हात लावण्यापूर्वी

माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, म्हणून घाई करू नका.

काच पुसा. बाहेरून पुसलीत तशी झाकण काढून आतूनही. उसाचा गळीत हंगाम चालू असताना कारखान्याच्या आसपासच्या गावात काळी राख पडते, ती पावसाच्या पहिल्या शिंतोड्यात काचेवर लेपासारखी बसते. डबीच्या आत कोळ्याचं जाळं असतं, मुंग्यांची वारुळाची तयारी असते, आणि वायर येते त्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं. भोक ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) घालून किंवा सिलिकॉननं बंद केलं नसेल तर हे दर वर्षी होणार.

झाकणाचं काळं प्लास्टिक आपल्याला काळं दिसतं, इन्फ्रारेडला ती काच असते. तिच्यावर रंग चढला की मात्र प्रकाश अडतो. शिरोलीच्या एका शेडवर रंगाऱ्यानं गेटसोबत फोटोसेलही हिरव्या ऑइलपेंटनं रंगवले होते. काम मोठं नीट केलं होतं, ओघळसुद्धा नव्हता.

मग लाइनदोरी ताणा. दोन्ही डब्यांच्या मध्यातून मध्यात, ताठ. दोरी डबीच्या तोंडाला सरळ काटकोनात लागते का ते वरून आणि बाजूनं बघा. दोन्ही डब्यांची जमिनीपासूनची उंची मोजताना जपून: आपल्याकडं फाटकातला रस्ता पाणी वाहून जायला उताराचा असतो, त्यामुळं दोन्ही खांबांवर 'जमिनीपासून ५० सेंटिमीटर' मोजलं, तरी डोळे वरखाली येतात. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी काढा, गवंडी काढतो तशी.

ट्रान्समीटर चालू आहे का, याची सोपी खूण: मोबाइलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा त्याच्या काचेसमोर धरा, जमलं तर सावलीत. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो. दिसला तर ट्रान्समीटर जिवंत आहे. दिसला नाही म्हणून लगेच मेला असं समजू नका, काही फोनच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते. आधी टीव्हीच्या रिमोटवर त्या फोनची परीक्षा घ्या.

सप्लाय मोजणं

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, आकडा शून्याच्या आसपास आला तर एसीवर करून बघा. काही बोर्ड ॲक्सेसरीला, म्हणजे फोटोसेलसारख्या जोडसामानाला, एसी देतात आणि एसी सप्लाय डीसीवर मोजला की मीटर काहीच नाही असं दाखवतो. याच गोंधळात चांगले सेन्सर बदललेले मी पाहिलेत.

तीन ठिकाणी मोजायचं: बोर्डाच्या टर्मिनलवर, ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर, रिसीव्हरच्या टर्मिनलवर. सेन्सर जोडलेले असताना. वायर सुटी करून मोजलं, तर फसाल. गंजून एकच तार धरून असलेला जॉइंटसुद्धा मोकळ्या वायरवर पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. लोड लागला की तोच जॉइंट आडवा होतो.

तीन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. बोर्डावर २४ आणि लांबच्या खांबावर १७ आला, तर पुष्कळ जण म्हणतात, वायर बारीक पडली. थोडं गणित करू. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, खांब २० मीटर लांब, जाऊन येऊन ४० मीटर. रोध साधारण दीड ओहम. सेन्सर ५० मिलिॲम्पिअर ओढतो असं धरलं, तर वाटेत पडतो पाऊण दशांश (०.०७५) व्होल्ट. पाव व्होल्टसुद्धा नाही. मग ७ व्होल्ट गेले कुठं? जॉइंटमध्ये. रुळाखालच्या पाइपात, टेपनं गुंडाळलेल्या, पाण्यात बसलेल्या जॉइंटमध्ये. उघडून बघा, तांबं हिरवं झालेलं असेल. जमलं तर जॉइंटच ठेवू नका, सलग वायर ओढा. ठेवावाच लागला तर जेल भरलेला कनेक्टर वापरा आणि तो जमिनीच्या वर आणा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या फाटकात पंचगंगा आली, त्यांच्या पाइपांत तर गाळही असतो. तिथं वायर पुसून, वाळवून वापरायचा मोह सोडा.

एक फसवी गोष्ट मुद्दाम सांगतो. काही बोर्ड प्रत्येक वेळी गेट हलवण्याआधी ट्रान्समीटरचा सप्लाय क्षणभर तोडतात आणि रिसीव्हरचा रिले सुटतो का ते तपासून घेतात. मीटर लावून बसलात, कोणी बटण दाबलं आणि २४ चा एकदम ० झाला, तर तो लूज जॉइंट नाही, बोर्डाची स्वतःची परीक्षा आहे. उलट ट्रान्समीटर चुकून कायम सप्लायच्या टर्मिनलवर जोडलेला असला आणि ही परीक्षा चालू असली, तर सगळं नीट जुळूनही बोर्ड गेट हलवणार नाही.

जुळवणी

आता मुख्य काम. पुष्कळ रिसीव्हरच्या प्लेटवर दोन बारीक पिना किंवा छोटी टर्मिनल दिलेली असतात, तिथं मिळालेल्या प्रकाशाच्या प्रमाणात डीसी व्होल्टेज येतं. प्रकाश जास्त, व्होल्टेज जास्त. किती आलं म्हणजे चांगलं, हे कंपनीनुसार बदलतं; सोबतच्या पुस्तिकेत किमान आकडा दिलेला असतो, तो बघून घ्या. पुस्तिका हरवलेली असेल तरी बिघडत नाही. आपल्याला शोधायचा आहे तो त्या जोडीचा सर्वांत मोठा आकडा.

मीटर डीसीच्या २० व्होल्टच्या रेंजवर, क्लिप पिनांना. काकांच्या गेटवर त्या सकाळी, आहे तसं, ०.७ व्होल्ट आले. दिवा लागलेला. काचेसमोर तळवा धरला, ०.१. म्हणजे दिवा लागायला लागणाऱ्या पातळीच्या जरासाच वर तो सेन्सर जगत होता.

आधी रिसीव्हर. डबीचे स्क्रू इतपत सैल करा की बोटानं सरकेल, सोडलं की पडणार नाही. आडव्या दिशेत अगदी सावकाश फिरवा. आकडा चढतो, वर जाऊन थोडा वेळ तिथंच रेंगाळतो, मग उतरायला लागतो. सगळ्यात मोठा आकडा मनात ठेवा. आता युक्ती अशी की त्या मोठ्या आकड्यावर थांबायचं नाही. माथा सपाट असतो, त्यावर तुम्ही नेमके कुठं उभे आहात ते कळत नाही. म्हणून एका बाजूला फिरवत जा, आकडा मोठ्या आकड्याच्या निम्म्यावर आला की खांबावर मार्करनं बारीक रेघ मारा. दुसऱ्या बाजूला तसंच, दुसरी रेघ. डबी दोन रेघांच्या मधोमध आणा. डोंगराचा माथा शोधायचा असेल, तर दोन्ही उतारांवरून सारखं मागं यायचं, तसं हे.

मग हेच वर-खाली. डबीला वर-खाली कोन बदलायची सोय नसेल, तर वरच्या किंवा खालच्या स्क्रूखाली पातळ वॉशर घालून बघा.

आता ट्रान्समीटर. इथं अडचण अशी की हलवायचं एका खांबावर आणि आकडा दिसतो दुसऱ्या खांबावर. माणूस सोबत असेल तर त्याला आकडे ओरडायला सांगा. एकटे असाल तर दोन फोन घ्या, एक मीटरसमोर विटेला टेकवून ठेवा आणि व्हिडिओ कॉल लावा. काकांचा नातू मला आकडे सांगत होता. "एक पॉइंट चार. एक पॉइंट नऊ. दोन पॉइंट... काका, थांबा की, कमी झालं बघा!" ट्रान्समीटर हलवल्यावर फरक जास्त जाणवतो, कारण तिथं आपण अख्खा झोतच फिरवत असतो.

ट्रान्समीटर मधोमध आला, की परत रिसीव्हरकडं या आणि एक फेरी पुन्हा करा. पहिल्या वेळी तो वाकड्या झोताशी जुळवलेला होता. दुसऱ्या फेरीत काकांचा आकडा २.३ वर गेला. तीनपटीहून जास्त, नवी वस्तू एकही न घालता.

अरुंद फाटकावर, तीनएक मीटरच्या, वेगळीच पंचाईत होते. प्रकाश इतका भरपूर मिळतो की आकडा वर जाऊन चिकटतो, डबी बरीच फिरवली तरी हलत नाही. तुम्हाला वाटतं, सगळंच जुळलंय. अशा वेळी ट्रान्समीटरच्या काचेवर बटर पेपरचा एक थर चिकटवा, नाही पुरला तर दोन. आकडा खाली आला आणि डबी हलवली की बदलायला लागला, म्हणजे आता मीटर खरं बोलतोय. जुळवून झालं की कागद काढा. हा कागद विसरून घरी येणाऱ्यांत मीही आहे.

आवळताना घात होतो

जुळलं म्हणून एक स्क्रू पूर्ण आवळलात की आकडा पडलाच म्हणून समजा. मीटर लावलेलाच ठेवा, स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळा आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. काकांच्या खांबावर खालचा स्क्रू आवळला की २.३ चा १.६ होत होता, सोडला की परत वर. पट्टी लावून बघितलं, तर प्लास्टरला तिथं बारीक फुगवटा होता आणि डबी त्यावर डुलत होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा डबीच्या मापानं कापून मागं घातला. रबर फुगवटा गिळतं, पाणीही आत येऊ देत नाही. मग चारही स्क्रू आवळले, आकडा २.२ वर टिकला. फॅक्टरीच्या शेडवर, जिथं शेजारी पॉवरप्रेस धडधडतं, तिथं मी डबीच्या प्लास्टिकच्या ब्रॅकेटऐवजी लेथवाल्याकडून पत्र्याचं ब्रॅकेट करून घेतो. उद्यमनगरात अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटी झाकण लावून आकडा पुन्हा घ्या. बारीक वायरीचे दोन तुकडे पिनांना लावून झाकणाच्या फटीतून बाहेर काढले की झाकणासह मोजता येतं. झाकण लावल्यावर आकडा बराच पडला तर काच आतून मळकी आहे किंवा झाकण वाकडं बसलंय. मग क्लच लावून गेट दोन-तीनदा चालवा आणि चालताना मीटरवर नजर ठेवा. गेट रोलरवरून जाताना खांब हलत असेल तर आकडा नाचतो. थोडा नाचला तर चालतं, निम्म्यावर आला तर डबी त्या खांबावरून काढून स्वतंत्र खुंटावर न्या.

पिनाच नसतील तर

स्वस्तातल्या जोड्यांत पिना नसतात, नुसता दिवा असतो. कुठं जुळल्यावर लागतो, कुठं अडवल्यावर. हात आडवा धरून आधी ते ठरवा. मग तीच युक्ती: दिवा जिथं सुटतो तिथं डावीकडं रेघ, उजवीकडं रेघ, आणि डबी मधोमध. पुढं बटर पेपर मीटरचं काम करतो. ट्रान्समीटरसमोर एकेक थर वाढवत जा आणि कितव्या थराला रिले सुटतो ते मोजा. थोडं हलवून पुन्हा मोजा. जास्त थर सोसेल ती जागा चांगली. एका थरालाच सुटत असेल, तर ते सेन्सर पाऊस काढणार नाहीत.

मोटरवर चालणाऱ्या काही शटरांच्या सेन्सरला दोनच वायरी असतात, सप्लाय आणि खबर दोन्ही त्यांच्यावरूनच जाते. तिथं सिग्नल तुटक असल्यानं मीटर सरासरी दाखवतो. अडवलेलं असताना किती आणि मोकळं असताना किती, हे दोन आकडे लिहून घ्या, पुढच्या खेपेला त्यांच्याशीच तुलना करा.

बोर्डाला खरंच कळतंय का

सेन्सर जुळले, रिले टकटक वाजतो, तरी गेट ऐकत नाही असं होतं. बोर्डावर फोटोसेलची दोन इनपुट टर्मिनल असतात, तिथं डीसी व्होल्ट मोजा. बहुतेक बोर्डांवर कॉन्टॅक्ट मिटलेला असताना, म्हणजे वाट मोकळी असताना, आकडा शून्याच्या जवळ येतो आणि हात आडवा धरला की बोर्डाचा पूर्ण व्होल्टेज येतो. दोन्ही टोकं स्वच्छ हवीत. वाट मोकळी असताना दोन-अडीच व्होल्ट उरत असले, तर कॉन्टॅक्ट किंवा जॉइंट गंजलाय. हात धरल्यावर पूर्ण व्होल्टेज येत नसेल, तर वायरीत पाणी आहे आणि बोर्डाला वाट नेहमी मोकळीच वाटतेय. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण गेट आनंदानं चालत राहतं आणि कोणी तक्रार करत नाही.

सप्लाय चालू असताना मीटर ओहमवर किंवा बझरवर ठेवून इथं लावू नका. आकडा खोटा येतो, आणि नुसत्या मीटरच्या फ्यूजवर निभावलं तर नशीब.

वैतागून या दोन टर्मिनलांत वायरीचा तुकडा टाकून फोटोसेल 'बायपास' करणारे मिस्त्री आहेत. गिऱ्हाईक खूश होतं, गेट चालतं. मी असा तुकडा दिसला की काढतो, मग गेट बंद पडलं तरी चालेल.

ऊन, भिंत आणि उसाची ट्रॉली

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला रोज बिघडणारं आणि सातला आपोआप नीट होणारं गेट असेल, तर रिसीव्हरचं तोंड पश्चिमेला आहे का बघा. मावळतीचं ऊन थेट काचेत जातं आणि रिसीव्हर आंधळा होतो. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची अदलाबदल करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. आपल्या अक्षांशावर सूर्य नेमका पश्चिमेला वर्षातून दोनच दिवस मावळतो. जूनमध्ये तो साधारण २४ अंश उत्तरेकडं आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडं सरकलेला असतो. त्यामुळं मार्चमध्ये तपासून ठीक निघालेलं गेट डिसेंबरात रुसलं, तर त्यात भुताटकी नाही.

दोन जोड्या असतील तर एका खांबावर एकीचा ट्रान्समीटर आणि दुसरीचा रिसीव्हर ठेवा, नाही तर एकीचा प्रकाश दुसरीला मिळतो. स्टीलचं चकचकीत गेट किंवा पांढरी भिंत झोताला लागून असली, की प्रकाश तिथून परावर्तित होऊन रिसीव्हरला मिळतो आणि मधे माणूस उभा असला तरी दिवा हलत नाही. म्हणून अडवून बघायचं ते तीन ठिकाणी: ट्रान्समीटरजवळ, मध्यावर, रिसीव्हरजवळ.

उंचीचं काय? गाड्यांसाठी लोक ५०-६० सेंटिमीटर ठेवतात. शटरसाठी अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेज-ओपनरला असा सेन्सर किंवा त्याच्या तोडीची सोय लागते, आणि सेन्सर जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या वर नको असा दंडक आहे. रांगणारं मूल असलेल्या घरात तो मला पटतो. आपल्याकडचा खास घोळ मात्र ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर आत जातो, त्याच्या आणि ट्रॉलीच्या मधे नुसती जोडणीची दांडी असते, झोत तिच्या वरून किंवा खालून आरपार जातो, बोर्डाला वाटतं गाडी गेली, आणि गेट ट्रॉलीच्या कुशीत येतं. कागलकडच्या एका वाड्यावर असं झाल्यावर तिथं ट्रॉलीच्या पाट्याच्या उंचीवर दुसरी जोडी बसवली आणि आपोआप बंद होण्याचा वेळ वाढवला.

शेवटची परीक्षा

एक खोकं घ्या. युरोपातल्या मानकात यासाठी ७० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा ठोकळा वापरतात, त्या मापाच्या जवळचं कुठलंही पुठ्ठ्याचं खोकं चालेल. गेट बंद होत असताना ते तिन्ही ठिकाणी ठेवून बघा, एकदा उभं, एकदा आडवं. हातपाय घालून परीक्षा घेऊ नका. आडवं ठेवल्यावर झोत वरून निघून गेला, तर तेवढ्या उंचीचं कुत्रं किंवा मूल सेन्सरला दिसणार नाही. खाली दुसरी जोडी लागेल किंवा गेटच्या कडेला रबरी सेफ्टी एज, म्हणजे दाबली गेली की गेट थांबवणारी पट्टी. झोताला न दिसलेल्याला गेट लागलंच, तर बोर्डाची ताकदीची मर्यादा नीट लावलेली असली पाहिजे, तीही त्याच वेळी बघा.

मग मार्कर घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, सप्लायचा आकडा आणि जुळणीचा आकडा लिहा. काकांच्या झाकणात तीन ओळी आहेत. जुलैची: २४.१, २.२. दिवाळीच्या आधीची: २४.०, १.५. तिच्याखाली लगेच, त्याच दिवसाची: काच पुसली, २.२.